कपाळाची माती

माझी फजिती ऐकायचीच म्हणताय? मग आधी चहा संपवा, उगाच हसताना अंगावर सांडाल!

शिवाजी पेठेतली आमची तालीम. तिथं नवा अध्यक्ष बसवायचा म्हणजे घरचं लग्नच! मावळत्या अध्यक्षानं आखाड्यातली तांबडी माती नव्याच्या कपाळाला लावायची, स्वतःच्या हातानं फेटा बांधायचा, मग हलगी! माझ्या वडिलांना बसवलं, तेव्हा त्यांनी ती माती दिवसभर पुसली नव्हती. तेव्हापासून मला एकच ध्यास. आपल्याही कपाळाला ती लागावी!

काही वर्षांमागं मावळते अध्यक्ष आप्पा रस्त्यात भेटले.

"संभा, पेढे काढ मर्दा! औंदा अध्यक्षपद तुझ्याच घरात येतंय की!"

आता माझ्या घरात कोण? मी, बायको सुमन आणि दारात म्हैस. तुम्हीच सांगा, मी दुसरं काय समजणार?

हातकणंगल्याच्या बहिणीला फोन लावला, "समदी या!" नवा सदरा शिवला, मिशीला पीळ दिला. सुमन बघतच राहिली.

"अवं, एवढं कशाला?"

"कशाला म्हंजे? असलं रोज हुतंय व्हय?"

तिचे डोळेच भरून आले! वाटलं, किती हे नवऱ्याचं कौतुक! तीही नवी साडी नेसून निघाली.

सोहळ्यात आप्पांनी माती हातात घेतली. मी तडक पुढं झालो, डोळे मिटले, मान वाकवली. वडील आठवले. पण कपाळ कोरडंच!

"संभा," आप्पा कानाशी पुटपुटले, "तू कशाला वाकलाईस? सर की बाजूला, सुमनवहिनींना म्होरं येऊ दे!"

सुमन! तालमीत पोरींची कुस्ती तिनंच सुरू केलेली. सगळ्यांनी मिळून तिलाच निवडलेलं, आणि मला आप्पांनी सांगितलंय, असं तिला वाटलेलं!

"मी... मी आखाड्याच्या पाया पडत हुतो, आप्पा!"

तिच्या कपाळाला माती लागली, फेटा चढला, हलगी कडाडली. तिनं माईक घेतला.

"माझं मालक माझ्यासाठी एवढं नटून आल्यात. नणंदबाईस्नीबी बोलावलंय. बायकोचं एवढं कौतुक करणारा दुसरा गडी पेठंत दावा की!"

टाळ्या! मला रडूच फुटलं. लोक म्हणाले, "बघा, केवढा अभिमान!"

खरं काय ते एकट्या आप्पांनी ओळखलं होतं. आता ते राहिले नाहीत, पण जाईपर्यंत त्यांनी कुणाला चकार शब्द सांगितला नाही. असली माणसं कुठं मिळायची आता?

पेठेत आजही नव्या नवरदेवांना माझं उदाहरण देतात. मी मान खाली घालून गप्प बसतो. तर म्हणतात, "बघा, गर्व कसा तो न्हाईच!"