भुंग्याची सहाचाकी

काम करताना सतत गुणगुणायची सवय, म्हणून त्या सुताराला सगळे भुंगा म्हणत. उमेदवारीच्या काळात पडलेलं नाव. केस पिकले तरी सुटलं नाही. त्या सकाळी तर तो इतक्या जोरात गुणगुणत होता, की बायकोने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.

कारणही तसंच होतं. आज सहाचाकीची बेअरिंग बदलून व्हायची होती, आणि ती बदलली की ताई कायमची घरी राहायला येणार होती. निदान भुंग्याने तसं ठरवून टाकलं होतं. ताईने अजून हो म्हटलं नव्हतं, पण असल्या बारीकसारीक गोष्टींनी भुंगा कधी अडला नाही.

ताई ही त्याची थोरली बहीण. तिने जन्मभर तलावावर होडी चालवली आणि राहिली पलीकडच्या बेटावर. पुढे तलाव गाळाने भरत गेला, लव्हाळी माजली. होडी रुतायची, गाडी बुडायची, धड पाणी नाही नि धड जमीन नाही. त्यात ताईचं खुब्याचं हाड मोडलं. आता ती काठी टेकत एकटीच राहत होती आणि भुंग्याच्या जिवाला घोर लागला होता. त्याने आपल्या घरात तिच्यासाठी खोली बांधली, खिडकी मुद्दाम पाण्याच्या बाजूला ठेवली, पलंगही स्वतःच्या हाताने केला. पण त्यावर निजायला माणूस येईना.

चिखलातून चालणारी आणि पाण्यावर तरंगणारी ही सहा चाकांची जुनी गाडी त्याने भंगारातून आणली ती त्यासाठीच. दिसायला ती म्हणजे चाकं लावलेला अंघोळीचा टब. बायको तिला डबडं म्हणायची. मागच्या खेपेला त्याने ताईला त्यात बसवलं, तर काठ सुटायच्या आधीच चाकांतून अशी गुरगुर आणि खडखड सुरू झाली, की ताई सरळ उतरली. ज्याच्या पोटात गुरगुरतं त्याच्यावर मी बसत नाही, असं तिने सुनावलं. आधी हिला गप्प कर, मग बघू.

भुंग्याने एका लाकडी पट्टीचं टोक चाकाच्या दांड्याजवळ टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि गाडी फिरवून पाहिली. गुरगुर अगदी कवटीत शिरली. दांडे टबाच्या भिंतीतून बाहेर येतात तिथली सगळी बेअरिंग गेली होती. पाणी आत शिरून गोळ्या गंजल्या होत्या.

शेजारच्या गॅरेजवाल्याने बेअरिंग ओढून काढायचा पुलर दिला, नवी बेअरिंग मिळवून दिली आणि न मागता भरपूर सल्लाही दिला. फक्त तो पडला रस्त्यावरच्या गाड्यांचा माणूस आणि भुंगा लाकडाचा. तरंगणाऱ्या वस्तूशी दोघांचाही संबंध नव्हता.

दोघांनी गाडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं काढली, आतल्या साखळ्या सोडवल्या. पहिल्याच बेअरिंगपाशी घोडं अडलं. तेल सोडून झालं, गरम करून झालं, जाम हलेना. गॅरेजवाल्याने घण उचलला, तसा भुंगा आडवा आला. त्याने शिसवीचा तुकडा मधे धरला आणि लाकडी हातोडीने चहूबाजूंनी बेताने टकटक करत राहिला. मग पुलर आवळला आणि बेअरिंग सुटलं. भुंगा ते घेऊन तडक घरात गेला, बायकोच्या पुसलेल्या टेबलावर ठेवलं, आणि बघ कसं सडलंय म्हणाला. ती म्हणाली, बघितलं, आता उचल.

मग मात्र त्याच्या हातांना थांबणं माहीत नव्हतं. एकेक जुनं निघत होतं, ग्रीस भरलेलं नवं लाकडाच्या ठोकळ्याने ठोकून बसत होतं. शेवटी टबाच्या तळाचं बूच काढून त्याने रॉकेलने आतला चिखल आणि ग्रीस धुऊन काढलं. काढलेली वस्तू जमिनीवर ठेवायची नाही, एप्रनच्या खिशात टाकायची, हा त्याचा जुना नियम. चाकं चढल्यावर त्याने बायकोला हाताला धरून आणलं आणि एक चाक फिरवलं. चाक फिरलं, फिरत राहिलं, आवाज म्हणून नाही. बायको कान देऊन उभी राहिली. मग आत गेली आणि नव्या पलंगावर धुतलेली चादर घालायला लागली.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा भुंगा तेलकट एप्रनसह निघाला होता. बायकोने एप्रन ओढून खिळ्याला अडकवला आणि त्याला स्वच्छ सदरा घालायला लावला.

लव्हाळीतून गाडी सुरेख गेली. इंजिन आपलं पुटपुटत होतं, पण चाकांचा आवाज नाही. पाण्यात उतरताच ती तरंगली आणि भुंग्याचा आनंद गगनात मावेना. तलावाच्या मधोमध पायाला गार लागलं. पाणी उडालं असेल, असं त्याला वाटलं. मग पाणी घोट्यावर आलं. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला, आणि सदऱ्याला खिसाच नव्हता.

बेटापर्यंत तो कसाबसा पोहोचला. ताई काठावर काठी टेकून उभी होती. गाडी मागून किती खाली बसलीय, हे तिने लांबूनच ओळखलं होतं.

"गुरगुर गेली," ती म्हणाली. "आणि बूच?"

"घरी. एप्रनच्या खिशात."

ताई इतकी हसली, की तिला दगडावर बसावं लागलं. भुंग्याला हसू येईना. एवढी जिवाची धडपड केली आणि हात दाखवून अवलक्षण केलं. आधीच धास्तावलेली ही बाई आता कुठली बसतेय? त्याला रडूच आलं.

"आता तू काही येत नाहीस," तो म्हणाला.

ताई उठून घरात गेली. आली ती एका हातात बोचकं आणि दुसऱ्या हातात दोरीला बांधलेलं लाकडी बूच घेऊन. तिच्या जुन्या होडीचं. भुंग्याने उमेदवारीत कातलेली ती पहिली वस्तू. होडी कधीच मोडीत गेली, बूच मात्र तिने ठेवलं होतं.

गाडी उतारावर उभी करून त्यांनी पाणी काढलं. बूच थोडं जाड होतं, भुंग्याने चाकूने तासलं, ताईने काठीच्या मुठीने ठोकून बसवलं. मग ती आत चढली आणि बुचावर टाच रोवून बसली.

"असल्या माणसाला पाण्यावर एकटं परत कोण पाठवेल?" ती म्हणाली. "चल."

अर्धा तलाव झाला तरी भुंग्याच्या तोंडून आवाज फुटेना. ताईने मागून काठीने त्याच्या पाठीत टोचलं.

"गाडीला गप्प कर म्हटलं होतं. तुला नाही."

मग भुंगा गुणगुणायला लागला, ते गाडी नव्या खोलीच्या खिडकीखाली थांबेपर्यंत.