टपोऱ्या ठिपक्यांची तीन वर्षं

कुरुंद्याची राजनंदिनी हिंगोलीच्या एका कॉलेजात बॅक्टेरियावर पीएचडी करते. पेशीत प्रथिनं घडवणारं एक यंत्र असतं, रायबोसोम. त्याच्याच एका प्रथिनाला एक जनुक बारीकशी रासायनिक खूण लावून घेतं. तिनं ते जनुक काढून टाकलं. खुणेवाचून बॅक्टेरिया थंड पेटीत रखडत वाढू लागला. खूण कशासाठी असते, ते या रखडण्यातूनच कळणार होतं.

दर पंधरवड्याला ती बॅक्टेरियाची ठिपक्याएवढी वसाहत उचलून नव्या ताटलीवर लावायची. जुनी ताटली जंतू मारायला वाफेत घालायची. अशी तीन वर्षं गेली. प्रबंध लिहून कॉलेजात दिला, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बॅक्टेरिया आता रखडत नाही. जनुक तर नव्हतंच. तरी तो धडधाकट वाढत होता.

कारण सापडेना. ती घरी आली. अंगणात आई, सखुबाई, हळदीचं बेणं निवडत होती. राजनंदिनीही बसली आणि विचारांच्या नादात हाती येईल तो गड्डा ठेवू लागली.

"बारका काहून घेऊन राहिली? थोराड गड्डा ठेव, बारका फेक. ताटल्या धुऊन धुऊन डोकं बी धुतलं का गं?"

राजनंदिनीचा हात तिथंच थांबला.

ताटलीवरूनही ती टपोरा ठिपकाच उचलत आली होती. लहानपणापासून हाताला तेच वळण होतं. पण टपोरा म्हणजे दुसऱ्याच जनुकात बदल होऊन सावरलेला. खरा रखडणारा, तो बारका. त्याला तिनं दर वेळी उकळून मारलं होतं. सुरुवातीच्या बॅक्टेरियाची गोठवून ठेवलेली नळी तर फ्रीज बिघडला तेव्हाच गेली होती.

सोमवारी तिनं मार्गदर्शक विजयकुमार सरांना सगळं सांगितलं.

"पहिल्या वर्षाचे आकडे खरेच असतील ना? तेवढे ठेव. कोण बघायला येतंय?"

"खोटे कोणत्या दिवसापासून झाले, तेच मला म्हाईत न्हाई, सर."



तिनं प्रबंध मागे घेतला. जनुक पुन्हा काढलं. आता भर दुपारीही ताटलीवर नजर गेली, की तिला तिथं नसलेले ठिपके दिसतात. मोजायला गेलं, की हरवतात.

नव्या ताटलीवरचा सगळ्यात बारका ठिपका तिनं उचलून लावला. चौथ्या दिवशी तिथं काहीच नव्हतं. सरांनी विचारलं, "मेला का?"

"म्हाईत न्हाई," ती म्हणाली, आणि ताटली वाफेत न घालता परत पेटीत ठेवली.