विमानात बसवल्यावर बिघडलेलं इंजिन

माझे थोरले भाऊ हवाई दलात विमानांच्या देखभालीचं काम करायचे. निवृत्त होऊन वालूरला परतले आणि शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचं दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. माझं देवगाव फाट्यावर मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विजेचं काही निघालं की ते मला बोलवायचे. पंख, शेपूट, चाकं, सगळं त्यांच्या मनासारखं झालं. रडवलं ते इंजिनानं.

ते रोटरी इंजिन होतं, एका जुन्या जपानी मोटारीतून काढलेलं. त्यात पिस्टन नसतात. दोन तिकोनी रोटर आत गरगर फिरतात आणि प्रत्येकाला दोन प्लग असतात. आधी लोखंडी घोडीवर बांधून चालवलं, तर इतकं सुरेख चाललं, की वहिनी हातातलं काम टाकून बघायला आल्या. तेच इंजिन विमानात बसवलं आणि त्याचं डोकं फिरलं. सुरू व्हायचं नीट. जरा गरम झालं की ठिणगी चुकायला लागायची. फट्‌, फट्‌, मग एकदम गप्प, मग पुन्हा फट्‌. सगळं विमान हिवताप भरल्यासारखं थरथरायचं. भाऊ आत बसून ओरडायचे, "बंद कर, आरं बंद कर!" बंद करायचं बटण त्यांच्याच हाताशी असायचं.

प्लग काढले तर काळे, तेलकट. "रोटरी थोडं तेल खातंच," भाऊ म्हणाले. प्लग पेट्रोलनं धुतले, मग नवेच टाकले. फरक नाही. पुढच्या रोटरची ठिणगी पाडणारी कॉइल मागच्याला आणि मागच्याची पुढच्याला लावून पाहिली. कॉइल खराब असती तर खोडीनंही जागा बदलायला हवी होती. ती कधी पुढं दिसायची, कधी मागं, कधी दोन्हीकडं. प्लगच्या वायरी बदलल्या. ठिणगी कधी टाकायची हे सांगणारा सेन्सर बदलला. दर वेळी इंजिन थोडा वेळ गोड चालायचं, आमी एकमेकांकडं बघून हसायचो, आणि हसणं पुरं व्हायच्या आत फट्‌!

वर पत्रा तापलेला. अंगातला शर्ट पिळावा असा घाम. एकदा माझा तोल गेला.

"भाऊ, पेट्रोलच नीट येत नसंल. दर बारीला विजेच्या नावानं काय बोंबलायलाव?"

"पेट्रोल मी तपासलंय. ठिणगी तुझ्याकडं हाय, तू बघ."

"बघूनच ऱ्हायलो की! अजून काय बघू?"

पाना आपटून मी दुकानावर निघून गेलो. पुढं बरेच दिवस तिकडं फिरकलो नाही. शेवटी वहिनींचा फोन आला. "भावजी, त्ये एकटेच बसायलेत त्याच्यापाशी. जेवायला बी येईनात. आन्‌ मला सोयाबीन टाकायला शेड लागतंय. एकदा काय त्ये मिटवा."

गेलो. भाऊ विमानात जाऊन बसले आणि स्टार्टर मारायला लागले. इंजिन धरेना. इंजिनाचा वेग कमीजास्त करणारी थ्रॉटलची तारेची केबल जड चालती, अशी त्यांची नवी तक्रार होती, म्हणून मी ती मोकळी करायला हात घातला आणि बोट भाजलं. चांगला चटका बसून पांढरं पडलं.

इंजिन थंडगार होतं. मग ही केबल कशानं तापली? हिचा विजेशी संबंधच काय?

बोट तोंडात धरून मी तसाच उभा राहिलो. मग बॅटरीपासून एकेक वायर हातानं चाचपत निघालो. घोडीवर बॅटरीची अर्थिंगची वायर थेट इंजिनाला होती. विमानात वजनाचा तोल साधावा म्हणून भाऊंनी बॅटरी सीटच्या मागं नेली होती आणि अर्थिंग सांगाड्याला दिली होती. सांगाड्याला जाड रंग. इंजिन बसलेलं रबरावर. विजेला परत जायला नीट वाटच नव्हती. ती बिचारी सांगाड्यापासून इंजिनापर्यंत गेलेल्या त्या बारीकशा केबलमधून जायची, आणि इंजिन हादरलं की तीही वाट तुटायची. आमी कॉइली बदलत बसलो होतो.

भाऊंना सांगितलं. वाटलं, खूश होतील. त्यांचा चेहरा पडला. "इतकंच?" म्हणाले, आणि मग चिडून, "इतके दिवस इतक्यासाठी?" मला तर रडू यायचं बाकी होतं.

बॅटरीपासून इंजिनापर्यंत जाडजूड वायर टाकली, जळकी केबल बदलली. इंजिन चाललं. गरम झालं, तापलं, तरी चाललं. भाऊंनी विमान बाहेर काढून काढणी झालेल्या रानातून बांधापर्यंत पळवत नेलं आणि धुरळा उडवत परत आणलं. उतरले. नळावर जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

उडायची परवानगी अजून आलेली नाही. विमान ताडपत्रीखाली उभं असतं आणि भाऊ अधूनमधून इंजिन चालवतात. मी शेतात असलो की वहिनी काहीतरी सांगत असतात, मी हो-हो म्हणत असतो, पण त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरत नाही. कान इंजिनाकडं असतात, आत्ता चुकतंय का घटकाभरानं, म्हणून. ते चुकत नाही. माझी मात्र मूठ आवळलेलीच असते.