शहाण्णव आंब्यांचं वितरण

गणितात मला आयुष्यात एकदाच चाळीसच्या वर मार्क मिळाले, आणि ती उत्तरपत्रिका नंतर दुसऱ्याची निघाली. तरीही गेल्या मे महिन्यात मी माझ्या मुलीला संख्याशास्त्र शिकवायला घेतलं. (मी याला धाडस म्हणतो. माझी बायको मंजिरी दुसरा शब्द वापरते.)

ऋता आमची एकुलती एक मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. स्टॅटिस्टिक्समध्ये नापास झाल्यापासून घरात मान खाली घालून फिरत होती. एक दिवस वरणभात कालवता कालवता म्हणाली, "बाबा, मला हे जमणारच नाही. मी कोर्स सोडते." फेरपरीक्षेआधी एक प्रकल्प करून द्यायचा होता, तो बरा झाला तर मार्कांना टेकू मिळणार होता. पण प्रकल्पाचं नाव काढलं की तिचे डोळे भरायचे.

"विषय तरी सांग," मी म्हटलं.

"रँडम व्हेरिएबल. यादृच्छिक चल."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याची किंमत आधी सांगता येत नाही, पण कुठली किंमत यायची शक्यता किती, ते सांगता येतं."

"म्हणजे आपल्या सोसायटीचं पाणी!"

ती हसली नाही. पण "नाही" असंही म्हणाली नाही. तेवढ्यावर मी पेटलो!

रविवारी सकाळी मार्केट यार्डातून कच्च्या हापूसच्या दोन पेट्या स्कूटरवर घालून कोथरूडला आणल्या. आठ डझन, म्हणजे शहाण्णव आंबे. बेत साधा होता: कुठला आंबा किती दिवसांनी पिकेल, हे आधी सांगता येत नाही. झाला यादृच्छिक चल! रोज पिकलेले मोजायचे, वहीत लिहायचे आणि आलेख काढायचा. पुस्तकात असते तशी छान घंटेच्या आकाराची टेकडी येणार, याबद्दल मला खात्री होती. (मला खात्री वाटली की मंजिरी देवापाशी दिवा लावते.)

प्रत्येक आंब्यावर मी स्केचपेननं नंबर घातला.

"अहो, आंब्यांना रोल नंबर?" मंजिरीनं विचारलं.

"हा प्रयोग आहे."

"मग एखादा नापास झाला तर त्याला तुम्ही शिकवू नका."

पलंगाखाली गवत पसरून अढी घातली. ऋताच्या मनात विषयाबद्दल जी अढी होती, ती या अढीनं सुटेल, असा माझा हिशोब. सोमवारी शून्य. मंगळवारी शून्य. बुधवारी मी पलंगाखाली शिरून आंबे दाबून पाहिले. शून्य, आणि कंबर धरली ती वेगळीच! शुक्रवारी ऋता वही मिटत म्हणाली, "बघ, आंब्यांनासुद्धा माझा विषय नको आहे."

हे मला बघवेना. शनिवारी दोघी तुळशीबागेत गेल्या होत्या तेवढ्यात मी विज्ञानाला थोडा हातभार लावला. अढीत चहूकडे पिकलेली केळी खोचली, मधोमध एक पपई बसवली, वरून दोन गोधड्या आणि एक ब्लँकेट घातलं. बाळंतिणीलासुद्धा कुणी इतकं जपत नाही!

रविवारी दोन आंबे पिकले. ऋतानं वहीत "२" लिहिलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा आपणहून चहा मागितला. मी मनातल्या मनात स्वतःचा सत्कार केला.

सोमवारी सकाळी वासानंच जाग आली. गोधडी उचलली. ब्याण्णव आंबे पिकले होते! पोहे होईपर्यंत उरलेले दोनही पिकले. चार माश्या येऊन बसल्या होत्या आणि बाकीच्यांना निरोप गेलेला दिसत होता.

माझ्या टेकडीचा पार विजेचा खांब झाला होता. मी घाईघाईनं म्हटलं, "ऋता, घाबरू नकोस. वहीत लिहू, आज वीस, उद्या तीस, परवा परत वीस. कोण बघायला येतंय?"

"बाबा, ते शास्त्र नाही, ती थाप आहे." मग तिनं गवतातून एक काळं पडलेलं केळं उचलून माझ्यासमोर धरलं. "हे काय आहे?"

मी सगळं कबूल केलं, पपईसकट. मला वाटलं, आता रडणार. ती पलंगावर बसली आणि हसायला लागली. हसत हसत एकदम थांबली.

"आपण काय धरलं होतं? प्रत्येक आंबा आपापला पिकेल. पण एक पिकला की तो शेजारच्याला पिकवतो, तो पुढच्याला! ते स्वतंत्र नाहीतच! म्हणून टेकडी येणार नाही. बाबा, कळलं मला!"

मला काहीही कळलं नव्हतं. पण तिचा चेहरा पाहून मी जोरात मान हलवली.

"शास्त्र झालं असेल तर आंब्यांचं काय ते बघा," मंजिरी म्हणाली. संख्याशास्त्रात वितरण म्हणजे काय, हे मला तिथून पुढं समजलं. एक पिशवी घेऊन मी दारोदार निघालो. पहिलं दार जोगळेकर काकांचं.

"आंबे? फुकट?"

"हो."

"का?"

"पिकलेत."

"म्हणजे नासके असणार."

"अहो काका, खाऊन बघा."

त्यांनी आंबा चष्म्याजवळ नेला. "यावर सत्तेचाळीस का लिहिलंय? आमच्या आधी सेहेचाळीस जणांना देऊन झाले?"

वाऱ्यासारखी बातमी पसरली! तिसऱ्या मजल्याला बासष्ट नंबर मिळाला म्हणून ते रुसले. तळमजल्यानं "एक नंबर कुणाच्या घरी गेला?" अशी लेखी विचारणा केली. (एक नंबर मी रविवारीच खाल्ला होता. हे इथं पहिल्यांदाच सांगतोय.) दुपारी आम्ही आमरस खाल्ला, संध्याकाळी आमरस खाल्ला, आणि मंगळवारी मंजिरीनं आमरसाची आमटी करण्याची धमकी दिली.

ऋतानं मात्र चार दिवस मान वर न करता लिहिलं, विजेच्या खांबासकट सगळं खरंखुरं. तोंडी परीक्षेहून आली ती धापा टाकत. "मॅडमनी अर्धा तास बसवून घेतलं! म्हणाल्या, बाकीचे घरी बसून नाणी उडवल्याचं खोटं लिहून आणतात. चुकलेला प्रयोग इतका नीट समजून घेतलेला पहिल्यांदाच बघतेय." फेरपरीक्षेत ती चांगली पास झाली. कोर्स सोडणं राहिलं बाजूला, आता तिला पुढं स्टॅटिस्टिक्सच करायचं आहे.

फाईल घरी परत आली तेव्हा मी ती देवघरासमोर बसून वाचली. शेवटच्या पानावर मथळा होता, 'प्रयोगातील त्रुटींची कारणे'. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: १. तापमानातील चढउतार. २. हवेतील दमटपणा. ३. बाबा.

कॉलेजच्या शिक्क्याखाली आपली नोंद व्हावी, हे काय थोडं झालं? मी अभिमानानं फाईल मंजिरीपुढं धरली. तिनं पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "क्रम चुकलाय."