करंगळीची नोकरी

काजूच्या कारखान्यात अठरा वर्षं काढली, पण कारखान्याच्या लेखी मी नव्हतेच. मी ठेकेदाराची. पावसाळ्यात काम थांबलं की घरी, आणि मग पुन्हा त्याच्या दारात, "यंदा घेताय ना?" म्हणून. ते विचारताना दरवर्षी मला स्वतःचाच राग यायचा.

नवे कामगार कायदे आले, आता प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र मिळणार, असं कानावर आलं. मी म्हटलं, गाजराची पुंगी. वाजली तर वाजली. पण एका सकाळी खरंच अंगठ्याचं यंत्र आलं. कारकून म्हणाला, ज्यांचा ठसा उमटेल त्यांची नावं कारखान्याच्या पटावर. बाकीच्या बायका ठेकेदाराकडेच राहतील.

काजूच्या टरफलाचा चीक कातडी जाळतो, म्हणून फोडायला बसण्याआधी आम्ही हातांना तेल आणि राख चोळतो. त्या दिवशी रांगेत उभ्या उभ्या, घाबरून, सवयीने मी तेच केलं. शेजारी माझी थोरली जाऊ. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अगो बाय, त्याल कशाला चोपडलंस? फोडायला बसतेस काय?"

साबणाने दोनदा हात धुतले. तरी यंत्र काही घेईना. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग एकेक बोट. तेल तर गेलं होतं, पण चिकाने बोटांवरच्या रेषाच खाल्ल्या होत्या. ज्या कामासाठी नाव लावायचं, त्याच कामाने बोटं कोरी केली होती. कारकुनाने पुढचीला हाक मारली.

"थांबा जरा," जाऊ त्याच्यावर ओरडली. मग मला म्हणाली, "करंगळी लाव गो. ती मेली कधी कामाला लागल्ये?"

खरंच की. काजू धरताना करंगळी दुमडून बाजूलाच असते. डावी करंगळी टेकवली आणि यंत्राचा हिरवा दिवा लागला. सगळ्यांसमोर मी ढसाढसा रडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पत्रावर माझं पूर्ण नाव आहे. ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय. आता रोज सकाळी आधी यंत्राला करंगळी लावते आणि मगच तेलाच्या डब्यात हात घालते. यंदा पावसानंतर मी कुणाच्या दारात गेले नाही. सरळ कामावर गेले.