आत्याचा खरा आवाज

कापराचा वास आला की मला समता कॉलनीतल्या आत्याच्या घरची एक आरती आठवते. गणपतीचे दिवस होते. खोलीत धूर, घाम, झांजांचा कल्लोळ आणि त्या सगळ्याच्या वर आत्याचा आवाज. आपल्यासारखं गाणारं अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे तिच्या मोहल्ल्यात, कोणी नाही, अशी तिची खात्री होती. त्या दिवशी तिच्या मुलीने आरती मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि प्रसाद वाटून झाल्यावर सगळ्यांना ऐकवली. दोन ओळींतच आत्या चिडली, "ही कोण बाई फाटक्या आवाजात ओरडून राहिली? काहून बोलावता अशांले?" "मम्मी, आप ही हो," मुलगी म्हणाली. आत्याचा चेहरा पडला, हातातला मोदक तिने तसाच खाली ठेवला. शाळेत विज्ञान शिकवणारे काका, म्हणजे आत्याचे यजमान, घाईने समजावू लागले, "अवं, आपला आवाज आपल्याले हाडांतूनबी ऐकू येते, म्हणून तो भारदस्त वाटते. बाकीच्यांले नुसता हवेतून येते." आत्याने कानांत बोटं घालून एक ओळ गाऊन पाहिली आणि एकदम खुलली. "हव, बरोबर आहे! माहा खरा आवाज मलेच ऐकू येते. तुमचं नशीबच फुटकं!" आता ऑफिसच्या मीटिंगच्या रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचा चिरका आवाज ऐकला, की मलाही बाकीच्यांचीच दया येते.