रोहीच्या रक्तातला किडा

मी लिहिण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल वाचकांनी प्रथम क्षमा करावी. धुळ्याच्या कन्याशाळेत निबंधाला बरे गुण मिळत, एवढ्या भांडवलावर उतारवयात लेखणी हाती धरणे हा आगाऊपणाच आहे. चारचौघांत बोलायचे म्हटले की माझा आवाज अजूनही घशातच अडतो. मात्र ज्या एका संध्याकाळी तो बाहेर पडला, त्या संध्याकाळबद्दल मी कोणाचीही क्षमा मागणार नाही. तेवढे आरंभीच सांगून ठेवते.

हकीकत दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वीची. माझे यजमान गुरांचे डॉक्टर होते आणि आमचे बिऱ्हाड साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडच्या एका खेड्यात होते. एका उन्हाळ्यात डोंगरातल्या लोकांनी रोहीचे, म्हणजे नीलगायीचे, आईवेगळे पाडस यांच्याकडे आणून दिले. कुत्र्यांनी त्याची मांडी फाडली होती. जखम यांनी शिवली. पुढचे सगळे माझ्याकडे आले. कापडाच्या बोळ्याने दूध पाजून मी तिला वाढवले. दोन पावसाळ्यांत ती माझ्या खांद्याला लागली. अनोळखी माणूस दिसला की ती थरथरत माझ्यामागे लपे. आम्हा दोघींचे जमले, यात नवल नव्हते.

"नावनी गाय, नि दूध एक थेंब नही," असे शेजारचे नाना येता-जाता चिडवीत. नाना गावातले वडीलधारे शेतकरी. त्यांचा शब्द गाव मानी. चिडवून झाले की तेच नाना कमरेचा भाकरीचा तुकडा काढून तिच्या तोंडापुढे धरीत.

त्या वर्षी पाऊस ओसरल्यावर गोमाश्या माजल्या आणि त्यांच्यामागोमाग सर्रा आला. या रोगात जनावराला ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. पुढ्यात वैरण असूनही ते वाळत जाते. आधी घोडी गेली, मग म्हशी. नानांची दुभती म्हैस गोठ्यात बसली, ती उठलीच नाही.

म्हशीच्या कानातून घेतलेला रक्ताचा थेंब यांनी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला आणि मला पाहायला बोलावले. तांबड्या पेशींची दाटी होती आणि तिच्यातून धक्के देत, वाट काढत बारीक शेपटीदार किडे वळवळत होते. नंतर यांनी रोहीचा थेंब घेतला. तो स्वच्छ असेल, अशी माझी खात्री होती. बराच वेळ काच सरकवल्यावर एक किडा दिसला. तोच. आणि ज्या रोहीच्या अंगातून तो आला होता, ती बाहेर निवांतपणे बाभळीचा पाला ओरबाडत होती.

"मग ही आजारी का नाही?" मी विचारले.

"हिच्या पूर्वजांनी रानात या किड्याबरोबर कैक पिढ्या काढल्या आहेत. ज्यांना तो सोसला नाही, ते मरून गेले. उरलेल्यांचे रक्त त्याला ओळखते. किडा रूप पालटतो, रक्त पुन्हा त्याच्या पाठीस लागते. पुरता मारता येत नाही, पण त्याला वाढू देत नाही." काच पुसता पुसता हे म्हणाले, "माझ्या औषधालाही याहून फारसे काही जमत नाही." माश्यांनी तिचे रक्त दुसरीकडे नेऊ नये म्हणून तिच्याभोवती कडुनिंबाचा धूर करीत जा, असे मला बजावून हे औषध आणायला धुळ्याला गेले.

यांच्या पाठीमागे गावाने रोग शिवेपार घालवायचे ठरवले. तिकडची ती जुनी रीत होती. एखाद्या जनावराला हळदकुंकू लावून गावभर फिरवायचे, गावची सारी पीडा त्याच्या अंगावर घालायची आणि वाजतगाजत त्याला शीव ओलांडायला लावायची. पलीकडच्या गावाला ती पीडा नको असे, म्हणून तेथे लोक काठ्या-दगड घेऊन उभे असत. रीतीला नियम एकच होता. मालकाने आपल्या हाताने दावे सोडून जनावर द्यायचे. हिसकावून नेलेले जनावर रोग दुप्पट करून परत आणते, अशी समजूत होती. एरवी कोणी बोकड देई. त्या वर्षी बोट रोहीकडे वळले.

दिवस कलताना डफ वाजवत सारे माझ्या दारात आले. पुढे नाना होते.

"डॉक्टरीनबाई, बठ्ठा गावना ढोरं मरी ऱ्हायनात. तुनी रोही मातर टनक शे. हाई कसं काय? रोग तिनाच शे, म्हनीसन तो तिले काही करत नही. सोड दावं."

मागून कोणीतरी म्हणाले, "पोटले पोर नही, म्हनीसन रानना ढोरना लाड!" काही जण हसले.

मला मूल नव्हते, हे खरे. मी पदर ओढून पायांच्या अंगठ्यांकडे पाहत उभी होते. रोहीचा श्वास माझ्या पाठीवर लागत होता.

"नाना," मी म्हणाले, "हिच्या रक्तात तोच किडा आहे. मी डोळ्यांनी पाहिला."

"दखा! हाईच सांगी ऱ्हायनी!" एकच गलका झाला.

मी बोलायची थांबले नाही. "तुमच्या पांढऱ्या बैलाला ताप येऊन गेला ना? तो मेला नाही. किडा त्याच्याही रक्तात असणार. रोगाशी झुंजून जे जनावर उभे राहिले, तेच शिवेपार घालवायचे असेल, तर आधी त्या बैलाचे दावे सोडा. मग माझ्याकडे या."

डफ थांबला. नानांनी मान वळवून आपल्या गोठ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "तो मना बैल शे."

"आणि ही माझी रोही आहे."

मी तिला माजघरात घेतले आणि दाव्याचे टोक मनगटाला गुंडाळून उंबरठ्यावर बसले.

"वढीसन लई चाला!" एक जण ओरडला.

नाना त्याच्यावरच वसकले, "नि रोग दुप्पट व्हयना तं? तुना गोठामा बांधशी का?"

त्यांच्याच नियमाने त्यांचे पाय अडवले. दिवस मावळण्याआधी शीव गाठायची होती. कोणाचा तरी बोकड शोधायला जमाव वळला. जाताना नाना म्हणाले, "आते ढोरं मरनात, तं बठ्ठा गाव तुना नावनं बोंबलई."

"बोंबलू द्या," मी म्हणाले. "मी ऐकत बसेन."

गाव खरोखरच बोंबलला. बोकड गेला, तरी म्हशी मरत राहिल्या. यांनी आणलेल्या औषधाने काही वाचल्या, काही नाही. हळदीकुंकवाला मला बोलावणे बंद झाले. विहिरीवर मी गेले की बायका दोर आवरून निघत. मी घागर भरून, मान वर ठेवून परत येई. नानांचा पांढरा बैल त्या रब्बीत औताला चालला. त्याच्या रक्तात काय आहे, हे त्यांनी मला कधी विचारले नाही.

पुढच्या वर्षी डोंगरउतारावर रोहींचा कळप दिसू लागला. माझी रोही कान टवकारून तिकडेच पाही, पाल्याला तोंड लावेना. एका सकाळी मी तिला डोंगराकडच्या शिवेपर्यंत नेले आणि माझ्या हाताने दावे सोडले. अंगाला हळद नव्हती, मागे डफ नव्हता. ती रमतगमत पलीकडे गेली. किडा अंगात घेऊनच गेली असेल.

एका मुक्या जनावरापायी तू अख्ख्या गावाशी वैर घेतलेस, असे नात्यातली माणसे मला आजही सुनावतात. वाचकहो, गाव तुमच्या दारात उभा असता आणि दावे तुमच्या मनगटाला असते, तर तुम्ही ते सोडून दिले असते का?